जजसाहेबांची शेवटची रांग

हॉलचं दार अजूनही खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. आत पाऊल टाकलं आणि तोच वास नाकात शिरला. ओल्या लोकरी कोटांचा, शेगडीत जळणाऱ्या टर्फचा, किटलीत फार वेळ राहिलेल्या चहाचा आणि या सगळ्यांच्या खाली, रेडिएटरवरच्या तापलेल्या रंगाचा. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. इथले लोक ती जाळतात आणि मग आयुष्यभर त्यांच्या स्वेटरांना तिचा वास येतो. माझ्या एका निळ्या शालीला तो अजून येतो. मी ती मुद्दामच धुवायला टाकत नाही.

आता आम्ही आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, लिक्सलिपला राहतो. प्रसाद, माझा नवरा, तिथल्या चिपच्या कारखान्यात आहे. एनिसला यायला अख्खी सकाळ गेली. इथल्या नाटक मंडळाच्या नोरीननं फोनवर फार काही सांगितलं नव्हतं. "रविवारी दुपारी तीन वाजता. वॉल्टरसाठी सगळे जमतोय. शेवटच्या रांगेत तुझी जागा ठेवते," एवढंच. वॉल्टर हिवाळ्यात गेले. झोपेत गेले, शांतपणे गेले, असं तिनं सांगितलं होतं, आणि मग म्हणाली होती, "म्हणजे, ग्रँड गेले बघ." एनिसमध्ये चहा ग्रँड असतो, पाऊस थांबला की दिवस ग्रँड असतो. माणूसही ग्रँड जाऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

शेवटच्या रांगेत, रेडिएटरला लागून असलेल्या खुर्चीवर मी बसले. ही बाबांची खुर्ची.

मी एनिसला आले ती प्रसादच्या मागे. त्याला शॅननला सॉफ्टवेअरची नोकरी होती आणि मला पाऊस होता. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. सकाळी प्रसाद बसने गेला की भांडी, कपडे, वरणाचा कुकर, आणि मग एक लांबलचक दुपार. त्या दुपारी टीव्हीवर एक जुनी अमेरिकन कोर्टाची मालिका लागायची. नागपूरला असताना केबलवर मी तीच बघितली होती, त्यामुळे ती माहेरचीच वाटायची. तिच्यातले वकील देखणे होते, ते भांडत, प्रेमात पडत, रडत. मला मात्र आवडायचा तो उंच खुर्चीवर बसलेला म्हातारा जज. चष्म्याच्या वरून बघायचा आणि इतकं हळू बोलायचा की समोरच्याला पुढे वाकावं लागे. मी वरणभाताचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसायचे. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता.

मग एके दिवशी सुपरमार्केटच्या रांगेत माझ्यापुढे एक उंच म्हातारा उभा होता. हातात कोबीचा गड्डा, दोन्ही हातांनी धरलेला. माझ्याकडे दोनच वस्तू आहेत हे बघून तो बाजूला झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही आधी जा." मी त्या आवाजानं जागच्या जागी खिळले. तोंडातून निघून गेलं, "थँक यू, युअर ऑनर."

काउंटरवरची मुलगी माझ्या वस्तू पुढे सरकवत म्हणाली, "हो, हो, तोच. युअर मॅन द जज. दोन वर्षं झाली इथे राहतो. आजी इकडचीच होती त्याची." आणि त्याचा कोबी वजनकाट्यावर टाकला. इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस'. एनिसमध्ये कुणी कुणाला डोक्यावर घेत नाही. नागपूरला हा माणूस दिसला असता तर त्याच्या कोबीचीसुद्धा पानं लोकांनी आठवण म्हणून नेली असती.

"दुपारचे भाग बघता का?" वॉल्टरनी बाहेर आल्यावर विचारलं. "म्हणजे सहावा सीझन चालू असणार. तेव्हा माझी दाढ दुखत होती. नीट बघा, सगळे निकाल मी डाव्या गालानं दिलेत."

त्यांचं आयुष्य मला त्यांनी असंच तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बहुतेक वेळा याच हॉलच्या मागच्या खोलीत, चहाच्या कपावर हात शेकत. नेब्रास्कातलं शेत. गावच्या रेडिओ स्टेशनवर रोज पहाटे मक्याचे भाव वाचणं. मग एक सुटकेस घेऊन कॅलिफोर्निया. पहिली कितीतरी वर्षं त्यांनी प्रेतांची कामं केली. "मला फार मागणी होती," ते अभिमानानं म्हणायचे. "माझ्याइतका श्वास कुणाला रोखता यायचा नाही." मग दारूच्या गुत्त्याचा मालक, लुटला जाणारा कॅशियर, नायिकेला वाईट बातमी सांगणारा डॉक्टर. आणि केस पांढरे झाल्यावर एकदाचं ते जजचं काम. ते बारा-तेरा वर्षं चाललं. तेवढी वर्षं देशभर लोकांनी त्यांना कमरेच्या वरच पाहिलं. टेबलाखाली ते घरातल्या सपाता घालून बसायचे.

मालिका संपली, बायको आधीच गेलेली, मुलं आपापल्या संसारात. आजीचं गाव एकदा बघावं म्हणून आले ते इथेच राहिले. इथे त्यांनी हौशी नाटक मंडळात नाव घातलं आणि मलाही ओढून नेलं. मंडळाला संहिता घेऊन विंगेत बसणारं माणूस हवं होतं, आणि कॉलेजात असताना नाट्यस्पर्धांमध्ये मी तेच केलं होतं. आपल्याकडे जशी नाट्यस्पर्धा असते तशीच आयर्लंडमध्ये वसंताच्या तोंडावर गावोगावी हौशी नाटकांची स्पर्धा असते. शिंपी, शिक्षिका, पोस्टमन, सगळे रंग फासून उभे राहतात आणि प्रयोग संपला की परीक्षक तिथल्या तिथे रंगमंचावर येऊन, सगळ्या गावासमोर, कोण कुठे चुकलं ते सांगतो. मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं.

नोरीन दिग्दर्शिका होती. शाळेत भूगोल शिकवायची आणि नटांनाही नकाशा दाखवल्यासारखी हात करून हलवायची. त्या वर्षीचं नाटक एका बेटावरच्या शेवटच्या माणसाचं होतं. बाकी सगळे मुख्य भूमीवर राहायला गेलेत, त्यालाही न्यायला होडी येणार आहे, आणि जायच्या आधी तो आपल्या घराचा निरोप घेतो. ते शेवटचं भाषण हळू बोलायचं होतं. घराशी कुणी ओरडून बोलत नाही. भूमिका अर्थातच वॉल्टरना मिळाली आणि इथेच घोटाळा झाला.

वॉल्टर ऐकू यायचे नाहीत. पहिल्या रांगेत बसलं तर अंगावर काटा यायचा, तिसऱ्या रांगेत बसलं तर ओठ हलताना दिसायचे. आयुष्यभर त्यांचा आवाज झग्याच्या आत शिवलेल्या माइकनं ऐकला होता. शिवाय पायांचं काय करायचं ते त्यांना कळेना. उभे राहिले की टेबल शोधायचे.

"जवळून तू ग्रँड आहेस, वॉल्टर," नोरीन म्हणाली. "पण लोकांना मी तुझ्या मांडीवर बसवू शकत नाही." तिनं रविवारपर्यंतची मुदत दिली. नाहीतर ती भूमिका शेमसकडे जाणार होती. शेमस पोस्टात होता आणि त्याचा आवाज अटलांटिकपलीकडे जायचा, पण त्यानं घराचा निरोप घेतला असता तर घरच पळून गेलं असतं.

त्या दिवशी वॉल्टर चहा न पिता बसून राहिले. मग मला म्हणाले, "जगातले कितीतरी लोक मला ओळखतात. पण मला माणसांनी कधी ऐकलेलंच नाही. फक्त यंत्रांनी ऐकलंय. मरायच्या आधी एकदा एका हॉलभर माणसांनी मला ऐकावं, एवढंच आहे." हे त्यांनी इतकं हळू सांगितलं की मलाही पुढे वाकावं लागलं. मला त्यांची फार दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

बाबा त्याच हिवाळ्यात आले होते. आयर्लंडमध्ये पंट हे जुनं चलन जाऊन युरो आले तोच हिवाळा. आई आदल्या पावसाळ्यात गेली होती, आणि तेव्हापासून बाबा हळू बोलायला लागले होते. हे ज्याला बाबा माहीत नाहीत त्याला कळायचं नाही. माझे बाबा नागभीडकडच्या शाळेत हेडमास्तर होते, पण ते पोटासाठी. खरे ते झाडीपट्टीचे नट. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याच्या त्या जंगलपट्ट्यात दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. शेतात मंडप पडतो, चार गावचे लोक बैलगाड्या जुंपून येतात. बाबांच्या उमेदीत माइक नव्हता. होता तो घसा. आई मला मांडीवर घेऊन मुद्दाम शेवटच्या रांगेत बसायची. नाटक सुटलं की बाबा तोंडाचा रंगही न पुसता आधी तिच्याकडे यायचे आणि विचारायचे, "आयकू आलं?" आई म्हणायची, "आयकू आलं." मग त्यांचा प्रयोग संपायचा. ओल्या गवताचा, खोबरेल तेलात कालवलेल्या रंगाचा आणि बैलांचा वास, आणि आईचे ते दोन शब्द. माझ्या लहानपणीच्या थंडीच्या सगळ्या आठवणी याच आहेत.

ते बाबा एनिसच्या घरात पाणी मागतानाही कुजबुजत होते. घरात एकटे नकोत म्हणून मी त्यांना दुपारी हॉलवर नेलं. ते थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसले. "इथं शेगडी हाय," म्हणाले. शेगडी म्हणजे रेडिएटर.

वॉल्टर एकटेच भाषणाची तालीम करत होते. बाबांनी ते संपेपर्यंत बघितलं आणि मला म्हणाले, "चांगला दिसून राहिला. पण आयकू नाही आलं."

मी भाषांतर करायचं टाळणार होते, पण वॉल्टरनी विचारलंच. मग मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की माझे वडील नट आहेत. बाबांनी यात स्वतः भर घातली. हेडमास्तरी इंग्रजीत उभं राहून सांगितलं, "फोर व्हिलेजेस, सर. नो माइक. ओन्ली मी." वॉल्टरनी पुढे होऊन त्यांच्याशी हात मिळवला. त्यांना वाटलं असावं की भारतातला कुणी मोठा तारा थंडीनं गारठून आपल्या हॉलमध्ये आलाय. बाबांनी तो गैरसमज दूर करण्याची कोणतीही घाई केली नाही.

त्या आठवड्यात रोज दुपारी ते दोघं आणि मध्ये मी. बाहेर पाऊस, आत रेडिएटरची टकटक. वॉल्टर बोलायचे, थांबायचे, मागे बघायचे. बाबा नाही म्हणून मान हलवायचे.

"जजसाहेब, तुमी वाक्याचं शेपूट गिळून टाकता."

"ते शेपूट कॅमेरा उचलायचा," वॉल्टर म्हणाले. "मी फक्त नजर खाली करायचो."

"इथं कोन उचलन?"

एकदा वॉल्टर वैतागले आणि ओरडून बोलले. बाबा आणखी जोरात मान हलवायला लागले. "कायले ओरडता? ओरडणं अन् आयकू येणं येगळं हाय." मग ते खुर्चीतून उठले, शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "या जागी एक बाई बसली हाय. दिवसभर धानाच्या बांधीत होती. मांडीवर पोर झोपली हाय, म्हणून तिले तुमच्यापाशी येता येत नाही. तुमी तिच्यापाशी जा. ओरडाल तर पोर उठन. हळू जा, पण पोचा."

हे मी इंग्रजीत सांगितलं, पोरीचं जरा लवकर उरकलं. ती पोर मीच होते ना.

वॉल्टरनी विचारलं, "तिचं नाव काय?"

बाबांच्या तोंडून आईचं नाव मी आयुष्यात क्वचितच ऐकलं असेल. त्यांच्यासाठी ती 'अवो' होती. त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "सुमन."

वॉल्टरनी मान डोलावली आणि भाषण पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी त्यांनी टेबल शोधलं नाही. पाय रोवून उभे राहिले आणि त्या रिकाम्या खुर्चीशी बोलले.

रविवारी नोरीन हॉलच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "शेमसला सांगा, त्यानं होडीवाल्याचं काम करावं." आम्ही टाळ्या वाजवल्या. वॉल्टरनी मात्र तिच्या डोक्यावरून मागे बघितलं. बाबांनी मान हलवली. नाही आलं. मला बाबांना चिमटा काढावासा वाटला. पण वॉल्टरनी कपाळाला हात लावून त्यांना सलाम केला.

स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये होती. संध्याकाळी बाबांनी दगडी पायरीवर नारळ फोडला. नोरीननं पर्समधून छोटी बाटली काढून दारावर तीर्थाचं पाणी शिंपडलं. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. मेकअपच्या पावडरीचा वास सुटला होता. "तिसरी घंटा कधी?" बाबांनी विचारलं. घंटा नसते, नुसते दिवे जातात, असं सांगितल्यावर त्यांना ते अजिबात पटलं नाही. हॉल खच्चून भरला होता. लोक भिंतींना टेकून उभे होते. बाबा त्यांच्या रेडिएटरपाशी बसले होते आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी कोट ठेवला होता. कितीही गर्दी झाली तरी तिथे कुणाला बसू दिलं नाही.

मी विंगेत, संहिता हातात. शेवटचं भाषण आलं. वॉल्टर दारापाशी थांबले. हॉलमध्ये एकही खोकला नाही. आणि ते बोलले, अगदी हळू.

"दार लावत नाही मी. वारा येऊ दे आत. त्यालाही तुझी सवय झालीय, माझ्याइतकीच. कुणी विचारलं तर सांग, तो बाहेर गेलाय. एवढंच सांग. कुठे, ते सांगू नकोस."

शेवटचा शब्द हॉलच्या त्या टोकाला जाऊन टेकलेला मला विंगेतूनही कळला. भिंतीला टेकलेली माणसं हलली नाहीत. आणि त्या शांततेत, शेवटच्या रांगेतून, एक खणखणीत आवाज उठला. चार गावांना पुरणारा आवाज.

"वन्स मोअर!"

माझ्या हातातली संहिता खाली पडली. झाडीपट्टीत चांगलं गाणं, चांगलं भाषण झालं की वन्स मोअर मिळतोच. नट ते पुन्हा म्हणतो आणि लोक पुन्हा ऐकतात. त्याविना नाटक म्हणजे लग्नात वाजंत्री नसल्यासारखं. पण इथे स्पर्धा चालू होती, परीक्षक पुढे बसला होता, आणि नोरीन समोरच्या विंगेत दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभी होती. सगळ्या माना मागे वळल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. त्याच वेळी मला हेही जाणवलं की आई गेल्यापासून बाबांचा हा आवाज मी ऐकलाच नव्हता.

वॉल्टर दारात उभे होते. त्यांनी शेवटच्या रांगेकडे बघितलं. मग हळूच परत आत आले, दारावर हात ठेवला आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. जणू निघता निघता पाय निघेना म्हणून म्हातारा घरात परत आलाय. दुसऱ्यांदा ते आणखी हळू बोलले, आणि आणखी लांब पोचले. माझ्या शेजारी होडीवाला शेमस हुंदके देत उभा होता. पडदा पडला, आणि मग तो हॉल जो उठला, तसा मी कुठलाच हॉल उठताना पाहिलेला नाही.

परीक्षक वर आला. कागद चाळले, चष्मा काढला. म्हणाला, "नाटक मध्येच थांबवून पुन्हा म्हणायला लावणं हे कुठल्या नियमात बसतं ते मला माहीत नाही. शोधणारही नाही. सर्वोत्कृष्ट अभिनेता कोण, याचा निकाल शेवटच्या रांगेनं आधीच दिलाय. मी फक्त सही करतो." वर्षानुवर्षं टीव्हीवर निकाल देणारे वॉल्टर त्या दिवशी हात बांधून स्वतःचा निकाल ऐकत उभे होते. डोळे पुसायला त्यांनी नाटकातल्या म्हाताऱ्याचा विगच काढून वापरला.

चषक हातात घेऊन ते आधी शेवटच्या रांगेत आले. "सगळं आयुष्य मी चित्रीकरणात 'परत घेऊ' ऐकलं," ते मला म्हणाले. "चुकलो की परत घ्यायचं. चांगलं झालं म्हणून परत मागणारा हा पहिलाच माणूस. तुझ्या वडिलांना विचार, ऐकू आलं का?"

मी विचारलं. बाबांनी कोट उचलला, तो घालताना बराच वेळ घेतला, आणि वॉल्टरना मिठी मारली. ते दोन शब्द त्यांना म्हणता आले नाहीत. घरी येताना मात्र त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं की भूक लागलीय, आणि पिठलं पाहिजे, आणि तिखट पाहिजे.

आज हॉलमध्ये पुढे पांढरा पडदा लावला होता. नोरीन म्हणाली की अमेरिकेतून मुलांनी मालिकेतले निवडक भाग पाठवलेत, पण ते तर सगळ्यांनी बघितलेत. मग तिनं एक टेप लावली. तिच्या नवऱ्यानं त्या रात्री मागे उभं राहून घेतलेली. चित्र इतकं वाईट की वॉल्टर म्हणजे नुसता एक पांढरा ठिपका. आवाज मात्र स्वच्छ.

मी पटकन मोबाइल काढून नागपूरला लावला. तिकडे रात्र झाली असणार. "बाबा, काही बोलू नका. नुसतं ऐका." आणि फोन उंच धरला.

"दार लावत नाही मी..." तो हळू आवाज पुढून निघाला आणि एकेक रांग ओलांडत माझ्यापर्यंत आला. शेवटचा शब्द टेकला. टेपवर शांतता. आणि मग टेपवरचे बाबा ओरडले, आणि त्यांच्याबरोबरच अख्खा हॉल उभा राहून ओरडला, शिक्षिका, शिंपी, पोस्टातला शेमस, आणि मी. मीही, जन्मात पहिल्यांदा.

"वन्स मोअर!"

ही आमच्या मंडळाची रीतच झालीय आता, नोरीन डोळे पुसत म्हणाली. चांगलं झालं की मागून कुणीतरी ओरडतंच. आणि तिनं टेप तशीच पुढे चालू दिली. वॉल्टर पुन्हा दारातून आत आले, पुन्हा बोलले.

मी फोन कानाला लावला. पलीकडे बाबांनी घसा साफ केला.

"सांग त्याले," ते म्हणाले. "शेवटच्या रांगेत आयकू आलं."